पाच मागं, दोन पुढं

हातात तीन एक्के आले होते आणि तरी मी हरले. पत्त्यांत हरण्यात लाज नाही, चांगले चांगले हरतात. पण तीन एक्के हातात धरून, गालातल्या गालात हसत, शेजारणीकडे तिरप्या नजरेने बघत हरायला खास अक्कल लागते. ती माझ्यापाशी भरपूर होती. तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते. म्हणजे तशी पोरच.

खेळ असा, की प्रत्येकाला सात पानं मिळतात आणि त्यांचे दोन हात लावायचे असतात. पाच पानांचा हात मागे, दोन पानांचा पुढे. मी दोन एक्के उचलून दिमाखात पुढे ठेवले. मागे उरला एक एक्का, राजा, नव्वी, छक्की आणि एक चौकी. पाची पानं एकमेकांना न ओळखणारी, एसटी स्टँडवर उभी असल्यासारखी. मी पानं पालथी घातली, हात झटकले, आणि त्याच क्षणी कानाजवळ शिट्टी वाजली.

“फाउल,” बाई म्हणाल्या.

“का म्हणून? एक्क्यांची जोडी आहे पुढे.”

“तेच तर. दारात झुंबर लावलंस नि घराला वासाच नाय. मागचा हात पुढच्याहून भारी पायजे गं. पुढं जोडी नि मागं नुसती गर्दी? दोन्ही गेले. वाल ठेव इकडं.”

मी माझ्यासमोरची वालाच्या दाण्यांची ढिगली बाईंकडे सरकवली. एक्क्यांची जोडी मागे आणि तिसरा एक्का राजाबरोबर पुढे, एवढं सोपं होतं ते. शेजारणीने मला तसं सांगितलंही, दोनदा.

बाई म्हणजे आमच्या शाळेच्या पी.टी.च्या बाई. शाळेत बाई पुष्कळ होत्या, मीही एक होते, मराठी शिकवत होते. पण कर्जतमध्ये कुणी नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्या याच. मूळच्या कडावच्या, भातशेती असलेल्या घरातल्या. नऊवारी नेसणाऱ्या आईच्या पोटी जन्मून त्या पाचवारीवर कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि गळ्यात मंगळसूत्राशेजारी शिट्टी. निवृत्त झाल्यावर बूट आणि शिट्टी शाळेत परत करायला हवी होती असं माझं मत होतं. बाईंचं मत, शिट्टी अंगाला लागली की ती शाळेची राहत नाही.

निवृत्तीनंतर त्या अमेरिकेत मुलीकडे गेल्या, बाळंतपणाला. मुलगी लास व्हेगासला. बाळ मोठं होऊन पाळणाघरात जायला लागलं, मुलगी-जावई कामावर, बाहेर वाळवंटातलं ऊन. बाई घरात एकट्या. तिथे म्हाताऱ्यांना कॅसिनोत नेणारी एक बस होती, वर जेवणाचं कूपन. बाई जेवणासाठी गेल्या आणि पत्त्यांच्या टेबलाशी रमल्या.

“सगळी टेबलं फिरली मी,” त्या सांगायच्या. “एकीकडं लोक बोंबलतायत, एकीकडं रडतायत. कोपऱ्यातल्या एका टेबलावर मातर चार चिनी म्हाताऱ्या गप बसलेल्या, भाजी निवडावी तशा. म्हटलं, आपली जागा हीच.”

खेळ मुळात चिन्यांचाच. त्यांचा जुना खेळ ठोकळ्यांचा, ठिपके असलेल्या. चार ठोकळे घ्यायचे आणि त्यांच्या दोन जोड्या लावायच्या. अमेरिकेत कुणीतरी ठोकळ्यांच्या जागी पत्ते आणले, जोड्यांऐवजी पाच आणि दोन केले, आणि त्याला पाय गाव पोकर म्हणायला लागले. कडावच्या लोकांना त्यातलं गाव तेवढं समजलं. बाईंना इंग्रजी बेताचं, चिनी तर नाहीच. शेजारी बसलेल्या एका चिनी आजीने त्यांना शिकवलं ते बोटाने. बाईंनी चुकीचं पान पुढे केलं की ती आजी स्वतःच्याच मनगटावर टिचकी मारायची आणि मान हलवायची. बाईंच्या पानांना तिने कधी हात लावला नाही. बाई हे फार आदराने सांगायच्या. “खरी मास्तरीण ती,” म्हणायच्या. “आपुन शाळेत पोरांच्या हातातली पेन्सिल हिसकून चित्रं काढून देत होतो.”

‘आपुन’ म्हणताना त्या माझ्याकडे बघायच्या.

परत आल्यावर त्यांनी कडावच्या घराच्या ओटीवर टेबल मांडलं. टेबल कसलं, शाळेने मोडीत काढलेला जुना बाक आणि त्यासमोर एक चौरंग. पैशांचं नाव काढायचं नाही. घरच्या शेतातले वाल प्रत्येकीला मूठभर वाटायचे आणि ते लावायचे. जिंकलेल्या वालांतला थोडा हिस्सा बाईंचा. कॅसिनोतही घेतात म्हणे, टेबलाचं भाडं. महिनाभराचं भाडं साठलं की बाई त्याचं बिरडं करून आम्हालाच वाढायच्या. एकदा गावात बोलवा झाली की बाईंच्या ओटीवर जुगार चालतो. धाकटे दीर तणतणत आले. बाईंनी त्यांना सात पानं वाटली. चहाच्या वेळी ते विचारत होते, “वैनी, गुलामाची जोडी पुढं चालंल का?”

पत्ते वाटायच्या त्या बाईच. आणि इथेच हा खेळ आपल्या रमीपेक्षा, तीन पत्तीपेक्षा वेगळा. बसलेल्या बायका एकमेकींशी खेळत नाहीत. सगळ्या एका बाजूला, आणि समोर वाटणारी एकटी. आपला पुढचा हात तिच्या पुढच्याशी, मागचा तिच्या मागच्याशी. दोन्ही जिंकले तर तिने वाल द्यायचे, दोन्ही हरले तर आपण. एक जिंकला, एक हरला, तर ज्याचे वाल त्याच्यापाशी. बाई त्याला ‘जैसे थे’ म्हणायच्या. आणि बहुतेक डाव जैसे थेच व्हायचे. दुपारभर खेळून मुठीत सकाळचेच वाल. सुरुवातीला मला हा खेळ अगदीच नेभळट वाटला. म्हटलं, कोण हरलं हे कळणार नसेल तर खेळायचं कशाला?

वाटणाऱ्याने आपली पानं कशी लावायची, हे मात्र ठरलेलं असतं. तिथे डोकं चालवायला बंदी. जोडी असली की मागे, दोन जोड्या असल्या की अशा, तीन असल्या की तशा. “डीलरला अक्कल वापरायला मनाई,” बाई समाधानाने सांगायच्या. “शाळेत तीस वर्षं तेच केलं मी. हेडमास्तर म्हणंल तशी रांग.” एखादा हात दोघींचा अगदी सारखा आला तर तो वाटणाऱ्याचा, हे त्या विशेष गोड आवाजात सांगायच्या. जोकरबद्दल त्यांचं बोलणं वेगळंच होतं. या खेळात जोकरला वाटेल ते होता येत नाही. एक्का तरी व्हायचं, नाहीतर ओळीतली किंवा एकरंगी पानांतली रिकामी जागा भरायची. “निवृत्त मास्तरणीसारखं,” त्या म्हणायच्या. “एक तर सगळ्यांच्या डोक्यावर बस, नायतर कमी असंल तिथं गुमान उभी रहा. तिसरं नाय.”

कॅसिनोत पत्ते वाटणारा टेबलावरून उठताना दोन्ही तळहात उघडून दाखवतो, काही चोरून नेत नाही म्हणून. बाईंनी ही सवय उचलली आणि इथे कुठेही तेच. कर्जतच्या बाजारात भेंडी निवडून झाली की भाजीवाल्याला तळहात दाखवायच्या. आमच्या स्वयंपाकघरातून चहा पिऊन निघताना मला. एका घरी भेटायला गेलो होतो, त्या घरचे वडील गेले होते; उठताना बाईंनी तिथेही हात पुसले आणि तळवे उलटसुलट केले. मी मेल्याहून मेले. पण त्या घरची सून पुढे मला म्हणाली, त्या दिवसांत एवढ्या लोकांनी येऊन काही ना काही नेलं, एक बाईंनीच हात रिकामे दाखवले.

आता माझ्या घराचं सांगते, कारण त्यावाचून बाई पुऱ्या होणार नाहीत.

मिस्टर गेल्यावर मी, मुलगा, सून आणि नात असे आम्ही कर्जतला राहत होतो. सून खालापूरजवळच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत. सकाळी स्कूटीने जायची, संध्याकाळी यायची. कामाला वाघीण. आणि मी तिच्या मागे मागे. तिने घासलेली कढई मी पुन्हा घासत असे. तिने घडी घातलेल्या चादरी उलगडून परत घड्या. पोळ्यांचा डबा तिने भरला की मी उघडून पोळ्या मोजत नव्हते, पण बघत होते. आणि नातीच्या वेण्या. सून सकाळी घाईत दोन वेण्या घालायची, जरा वर-खाली व्हायच्या. तिची स्कूटी वळणापलीकडे गेली की मी पोरीला पुढ्यात घेऊन दोन्ही वेण्या सोडायची आणि सरळ भांग पाडून नव्याने घालायची. मला वाटायचं, मी मदत करते. खरंच वाटायचं, हे आज सांगताना मलाच माझा हेवा वाटतो. इतकं स्वच्छ मन परत मिळायचं नाही.

एक दिवस सून डबा विसरली म्हणून परत आली. दारात उभी राहिली. माझ्या मांडीपाशी नात, एक वेणी सुटलेली, फणी माझ्या हातात. तिने वेणीकडे बघितलं. डबा उचलला आणि गेली. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणंच बंद. निरोप नातीमार्फत. “आजीला सांग, गॅस संपलाय.” मी समोरच उभी. मुलगा दोघींच्या मधे वर्तमानपत्र धरून बसायचा. मग त्यानेच एका रात्री जेवताना मला सांगितलं, की तिने चौक गावात जागा बघितली आहे, कंपनीपासून जवळ. सोमवारी हो किंवा नाही कळवायचं आहे. नातीला तिकडच्या शाळेत घालणार.

“आणि तू?” मी विचारलं.

“मी काय, दोन्हीकडे,” तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

मी कडावला गेले आणि बाईंपुढे पुष्कळ रडले. माझं काय चुकलं, मी एवढं करते, ही शिकलेली मुलगी, हिला माया कळत नाही. रडता रडता खेळतही होते आणि दर डावाला फाउल करत होते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, वाल गोळा केले आणि म्हणाल्या, “रविवारी सुनंला घेऊन ये.”

“ती माझ्याशी बोलत नाही, बाई. येईल कशी?”

“तू नको बोलवू. मी फोन करते. माझ्या पी.टी.ला होती ती, आठवीत. लांब उडीत पयली.”

हे मला माहीतच नव्हतं. आठ वर्षं सून घरात होती, ती आमच्याच शाळेत शिकली हे माहीत होतं. लांब उडी मारायची हे नव्हतं.

रविवारी दुपारी तिच्या स्कूटीवर मागे बसून मी कडावला गेले. बाईंनी बाकी बायकांना त्या दिवशी सुट्टी दिली होती. ओटीवर तो शाळेचा बाक. दोघींनी बसायचा, आणि आम्ही दोघी काही आठवीतल्या मुली नव्हतो. खांद्याला खांदा घासत होता. सुनेने अंग चोरलं, मीही चोरलं, तरी घासत होता.

“या टेबलावर एकमेकींशी भांडायची सोय नाय,” बाई म्हणाल्या. “दोघी तिकडं, मी इकडं. बोललात तरी चालंल, पानं दाखवलीत तरी चालंल. दुसरीच्या पानाला हात लावायचा नाय. कळलं?”

सुनेला त्यांनी खेळ समजावला. ती पटकन शिकली. पहिले काही डाव जैसे थे गेले. मग तिच्याकडे राजांची जोडी आणि पंज्यांची जोडी आली, बाकी तीन पानांत राणी आणि दश्शी मोठी. तिने थोडा विचार केला. राजे मागे ठेवले, पंज्या पुढे.

मला बघवेना. दोन जोड्या एकत्र मागे ठेवल्या की कसा भक्कम हात होतो. एवढी चांगली पानं ही मुलगी मोडते काय? माझा हात गेला. मी सांगते, मी पाठवला नाही, तो आपला आपण गेला, कढईकडे जातो तसा. पंज्या उचलल्या, मागे सरकवल्या, राणी आणि दश्शी पुढे केली.

शिट्टी इतक्या जोरात वाजली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

“काय सांगितलं होतं?”

“अहो बाई, ती चुकत होती…”

“परत ठेव. होतं तसं.”

मी ठेवलं. सून समोर बघत होती. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता, म्हणून मला कळलं की ती थरथरते आहे. मला वाटलं, रडते आहे. नंतर खूप वर्षांनी तिने सांगितलं, ती थरथर रागाची होती.

बाईंनी आपली पानं उघडली. मागे गुलामांची जोडी. पुढे एक्का आणि दश्शी. सुनेचे राजे गुलामांना भारी, पंज्यांची जोडी एक्क्याला भारी. दोन्ही हात तिचे. मी लावलं असतं तसं ठेवलं असतं तर पुढची राणी एक्क्यापुढे पडली असती आणि डाव जैसे थे.

बाईंनी तिला वाल मोजून दिले. मग माझ्याकडे वळल्या. मला त्यांचा तो चेहरा माहीत होता. चाळीस पोरं रांगेत उभी असताना कोपऱ्यातला एक जण हलला की तो चेहरा व्हायचा.

“हात मांडीखाली.”

“काय?”

“हात मांडीखाली घाल नि त्यावर बस. पुढचा डाव तुझी पानं ती लावंल.”

मी, मराठीची सेवानिवृत्त शिक्षिका, साठीला आलेली, दोन्ही हात मांडीखाली दाबून बाकावर बसले. बाईंनी माझी सात पानं सुनेपुढे टाकली. आणि ती लावायला लागली. अगदी सावकाश. मला माझी पानं दिसत होती. एक नव्वी मी कधीच तिथे ठेवली नसती. बोटं मांडीखाली वळवळत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. त्या दिवसांत पहिल्यांदा.

“आई, राणी पुढे ठेवू की मागे?”

सहा आठवड्यांत ती माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं, कारणांसकट. मी ते गिळलं. “तुला वाटेल तिथे,” मी म्हटलं. आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा आला.

तिने राणी पुढे ठेवली. पुढचा हात जिंकला, मागचा हरला. जैसे थे. माझे वाल माझ्यापाशीच राहिले. नव्वी वाईट जागी होती, तरी ओटी खचली नाही, म्हैसही परत खाली बसली.

आणखी दोन डाव मी हातांवर बसून काढले. बाईंना शिक्षा संपवायची आठवण राहिली नाही, किंवा राहिली असेल. निघताना त्यांनी आम्हाला दोघींना तळहात दाखवले आणि आत निघून गेल्या. उपदेश नाही, काही नाही. आज वाटतं, त्यांनी त्या दिवशी चार शब्द शहाणपणाचे सांगितले असते तर मी ते सगळे खोडून काढले असते. मराठीची बाई मी.

सोमवारी सकाळी सुनेने नातीच्या वेण्या घातल्या. एक कानाच्या वर, एक खाली. स्कूटी वळणापलीकडे गेली. नात सवयीने फणी घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर होते. हात मांडीखाली घातले. “राहू दे,” म्हटलं. “छान दिसतायत.” पोर अविश्वासाने माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तशीच शाळेत गेली, एका बाजूला कललेल्या होडीसारखी.

बाई आता कायमच्या मुलीकडे असतात. गुडघ्यांनी दगा दिला, वॉकर घेऊन त्याच टेबलाशी जाऊन बसतात म्हणे. फोनवर मी त्यांना एकदा म्हटलं, तुमचे उपकार फार आहेत. पलीकडून आधी शिट्टी ऐकू आली, मग हसणं. मुलीने सांगितलं, शिट्टी विमानतळावर सामानातून काढायला लावत होते तर बाई भांडल्या.

पण त्या सोमवारचं राहिलं. दिवसभर मी घड्याळ बघत होते. संध्याकाळी सून आली, चपला काढल्या, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. नातीचं डोकं बघितलं. तशाच वेण्या, दिवसभरात आणखी विस्कटलेल्या, पण तिनेच घातलेल्या. मग माझ्याकडे न बघता माठातलं पाणी घेतलं, प्यायली, भांडं पालथं ठेवलं आणि म्हणाली,

“चौकच्या जागेचं मी नाही म्हणून कळवलंय. तुम्ही जिंकलात असं मात्र समजू नका, आई. उद्या डबा मी भरणार, आणि तुम्ही झाकण उघडून बघायचं नाही.”